डिस्कखाली झाकले गेलेले तीन दिवस: एका वाचनालयातील सर्व्हरचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

दक्षिण महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या जुन्या सार्वजनिक वाचनालयात मोडी दप्तरे, हस्तलिखित पोथ्या आणि स्थानिक वृत्तपत्रांचे जुने अंक यांचे स्कॅनिंग चार वर्षांपासून चालू आहे. संस्था आणि माणसे ओळखू येतील असे तपशील येथे वगळले आहेत. मी पुण्यात राहतो आणि या वाचनालयाच्या सर्व्हरची देखभाल दुरून, विनामोबदला करतो. पुढे वर्णन केलेल्या चुकांपैकी निम्म्याहून अधिक माझ्या आहेत, हे सुरुवातीलाच नोंदवलेले बरे.

सर्व्हर म्हणजे डेबियन लिनक्स चालवणारा एक साधा डेस्कटॉप संगणक. त्यात २४० जीबीच्या एसएसडीवर मूळ प्रणाली होती. ४ टीबीची दुसरी हार्डडिस्क 'संग्रह' नावाच्या डिरेक्टरीवर माउंट होत असे (म्हणजे त्या डिरेक्टरीत गेले की डिस्कवरचे दिसत असे) आणि बाहेरून यूएसबीने जोडलेली ५ टीबीची तिसरी डिस्क 'प्रत' या डिरेक्टरीवर. तिन्हींवर ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम होती. स्कॅनिंग करणाऱ्या दोन कर्मचारी आपापल्या विंडोज संगणकावरून सांबाच्या (लिनक्सवरील फोल्डर नेटवर्कवरून विंडोजला उघडून देणाऱ्या प्रोग्रामच्या) शेअरमार्फत 'संग्रह'मध्ये दररोज त्या तारखेचा फोल्डर करून प्रतिमा ठेवत. ए४ आकाराचे पान ४०० डीपीआयला रंगीत आणि कॉम्प्रेशनविना स्कॅन केले की एक टिफ फाइल सुमारे ४६ एमबीची होते. अशा सुमारे २८,००० प्रतिमा, म्हणजे १.३ टीबी इतका संग्रह झाला होता. रात्री २ वाजता आरसिंक ही आज्ञा चालून 'संग्रह'ची हुबेहूब नक्कल 'प्रत'वर उतरत असे.

या मांडणीत तीन निर्णय दडलेले होते आणि तिघांनाही त्या त्या वेळी सबळ कारण होते. पहिला म्हणजे आरसिंकला दिलेला 'डिलीट' हा पर्याय. मूळ जागी नसलेली फाइल नक्कलेतूनही काढून टाकावी, असा त्याचा अर्थ. दप्तरांचे वर्गीकरण बदलले की फोल्डरांची नावे बदलत, आणि हा पर्याय नसता तर जुन्या व नव्या अशा दोन्ही नावांखाली त्याच प्रतिमा साठून 'प्रत' भरून गेली असती. दुसरा निर्णय एफएसटॅब या, कोणती डिस्क कोठे माउंट करायची हे सांगणाऱ्या फाइलमधील 'नोफेल' या शब्दाचा. एकदा यूएसबी डिस्कची वायर निघाली असताना सर्व्हर सुरू केला गेला. माउंट होत नाही म्हणून तो आणीबाणीच्या अवस्थेत जाऊन रूटच्या, म्हणजे मुख्य प्रशासकाच्या, पासवर्डची वाट पाहत थांबला. तो पासवर्ड टाकणारे गावात कोणीच नव्हते, तेव्हा पुढील वेळी असे होऊ नये म्हणून मी दोन्ही डिस्कांच्या ओळींत 'नोफेल' लिहिले. डिस्क माउंट झाली नाही तरी चालेल, संगणक सुरू होऊ दे, एवढाच त्याचा अर्थ. तिसऱ्याला खरे तर निर्णय म्हणण्यापेक्षा आळस म्हणावे: 'संग्रह' या रिकाम्या डिरेक्टरीवर मी सर्वांना लिहिण्याची मुभा देऊन ठेवली होती.

माउंट आणि अनमाउंट करताना विदेचे (डेटाचे) काय होते

पुढची घटना कळण्यासाठी दोन गोष्टी स्पष्ट हव्यात. माउंट करताना कोणतीही फाइल एका जागेवरून दुसरीकडे जात नाही. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आपल्या तक्त्यात फक्त एवढीच नोंद करतो की अमुक डिरेक्टरीपाशी पोचल्यावर यापुढे दुसऱ्या फाइल सिस्टिमचे मूळ दाखवायचे. त्या डिरेक्टरीत आधीपासून काही असेल तर ते पुसले जात नाही, हलवलेही जात नाही, नुसते दिसेनासे होते. रांगोळीवर पाट ठेवावा तसे ते खाली जसेच्या तसे राहते, जागाही अडवते, आणि पाट उचलला की पुन्हा दिसते. माउंट पॉइंट ही डिस्क नसून खालच्या फाइल सिस्टिममधील एक साधी डिरेक्टरी आहे, ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते आणि गडबडीत कोणालाच आठवत नाही.

अनमाउंटचे काम याहून जड आहे. आपण फाइल 'सेव्ह' करतो तेव्हा ती बहुधा आधी स्मृतीतील पेज कॅशेत जाते. लिनक्सच्या मूळ मांडणीनुसार डिस्कवर न उतरलेली पाने (स्मृतीतील विदेचे छोटे ठोकळे) सुमारे ३० सेकंदांनी जुनी ठरतात, त्यांना लिहून काढणारे कर्नलचे काम दर ५ सेकंदांनी जागे होते, आणि ईएक्सटी४ आपले जर्नलही (चालू बदलांची टिपणे) साधारण दर ५ सेकंदांनी पक्के करते. शिवाय ही फाइल सिस्टिम डिस्कवरील जागा शेवटच्या क्षणी वाटते. त्यामुळे फाइलचे नाव नोंदले गेले आहे पण मजकुरासाठी जागाच मिळालेली नाही, अशी स्थिती काही क्षण असू शकते. अनमाउंट करताना ही सगळी उधारी चुकती केली जाते: उरलेली पाने डिस्कवर उतरतात, जर्नल मिटवले जाते आणि सुपरब्लॉकवर (फाइल सिस्टिमची मुख्य माहिती असलेल्या जागी) 'स्वच्छ' अशी खूण होते. एखादी प्रक्रिया (चालू असलेला प्रोग्राम) तेथे फाइल उघडून बसलेली असेल तर कर्नल अनमाउंटला सरळ नकार देतो. वीज गेली तर यातले काहीच होत नाही.

घटनाक्रम

मे महिन्याच्या अखेरीस एका सोमवारी संध्याकाळी वळवाचा पाऊस आला आणि लाइट गेली. यूपीएसची बॅटरी थकलेली असल्याने ५ मिनिटांत सर्व्हर बंद पडला. रात्री वीज आल्यावर तो आपोआप सुरू झाला, कारण बायोसमध्ये तसे ठरवलेले होते.

सुरू होताना ४ टीबीच्या डिस्कची तपासणी झाली. नुसती वीज जाण्याने झालेली विसंगती ईएक्सटी४ जर्नल वाचून बहुतेक वेळा स्वतःच सावरते. या डिस्कवर मात्र आधीचीच एक चूक नोंदलेली होती. 'मागील तपासणीनंतरच्या चुकांची संख्या' सांगणारी ओळ कर्नल १९ दिवसांपासून दररोज लॉगमध्ये लिहीत होता. ती मी वाचली नव्हती. चुकीची खूण असल्यामुळे पूर्ण तपासणी झाली आणि आपोआप दुरुस्त करणे सुरक्षित नाही असे काहीतरी तिला आढळले. तिने 'हाताने तपासा' असे सांगून काम सोडले, म्हणून सिस्टमडीने (संगणक सुरू होताना डिस्क आणि सेवा चालू करणाऱ्या प्रोग्रामने) डिस्क माउंट केली नाही, आणि 'नोफेल' असल्यामुळे संगणक निमूटपणे पुढे चालू झाला. सांबाही सुरू झाली. तिला 'संग्रह' नावाची डिरेक्टरी हवी होती, ती होती. फक्त आता ती एसएसडीवरची रिकामी डिरेक्टरी होती.

त्या रात्री २ वाजता बॅकअप नेहमीप्रमाणे चालला. मूळ जागी वाचताना चूक आढळली तर आरसिंक पुसण्याचे काम थांबवते. परंतु रिकामी डिरेक्टरी वाचणे ही चूक नव्हे. मूळ जागी काहीच नाही, म्हणून नक्कलेतही काही नको, इतक्या सरळ तर्काने तिने 'प्रत'वरच्या २८,००० प्रतिमा पुसल्या आणि काम यशस्वी झाल्याची नोंद केली.

मंगळवारी सकाळी एका कर्मचारी ताईंना शेअर उघडल्यावर जुने काहीच दिसले नाही. 'सरांनी जुने दुसरीकडे हलवले असेल' असे समजून त्यांनी तारखेचा फोल्डर केला आणि काम सुरू केले. प्रत्येक प्रतिमेची माहिती लिहिण्याची नोंदवही, म्हणजे एक स्प्रेडशीट, सापडेना, तेव्हा त्यांनी त्याच नावाची नवी नोंदवही तयार केली. मंगळवारी ७४० आणि बुधवारी ८१० पाने स्कॅन झाली. दोन्ही दिवस सगळे सुरळीत होते, कारण लिहायला जागा होती आणि परवानगीही होती.

गुरुवारी सकाळी ११ च्या सुमारास एका अभ्यासकाने जुन्या दप्तराची प्रतिमा मागितली आणि वाचनकक्षातील संगणकावर ती मिळाली नाही. ग्रंथपालांचा मला फोन आला. मी दुरून पाहिले, डिस्क माउंट नव्हती. माउंटची आज्ञा दिली. 'या फाइल सिस्टिममध्ये चुका आहेत, तपासणी करावी' असा इशारा कर्नलने लॉगमध्ये लिहिला, पण माउंट झाले. वाचनकक्षात जुन्या प्रतिमा दिसू लागल्या, अभ्यासकाचे काम झाले, आणि १० मिनिटांत मी कामावर परतलो.

त्या दिवशी कोणाचीच तक्रार आली नाही, याचे कारण मला नंतर उमगले. दोन्ही स्कॅनिंगच्या संगणकांची सांबाशी जोडणी सकाळपासून उघडी होती. एखाद्या प्रक्रियेने आधीच एखादी डिरेक्टरी धरून ठेवली असेल, तर तिच्यावर नंतर दुसरी फाइल सिस्टिम माउंट झाली तरी त्या प्रक्रियेला खालचीच डिरेक्टरी दिसत राहते. माउंट पाहिला जातो तो नव्याने मार्ग चालत येणाऱ्यांकडून. त्यामुळे वाचनकक्षात डिस्कवरचा जुना संग्रह दिसत होता, आणि शेजारच्याच खोलीत दोघी एसएसडीवर, झाकलेल्या डिरेक्टरीत, संध्याकाळी पाचपर्यंत लिहीत होत्या. एकाच शेअरची ही दोन रूपे दिवसभर गुण्यागोविंदाने नांदली. गुरुवारची पाने ६५० झाली.

शुक्रवारी पहाटे २ वाजता बॅकअप पुन्हा चालला. आता 'संग्रह'मध्ये जुन्या २८,००० प्रतिमा होत्या आणि मंगळवार-बुधवारचे फोल्डर नव्हते. आरसिंकने आधीच्या दोन रात्रींत उतरवलेले ते फोल्डर 'प्रत'वरून पुसले आणि १.३ टीबीची प्रतिमांची रास पुन्हा लिहून काढली. हे काम पहाटे साडेपाच-पावणेसहापर्यंत चालले. सकाळी १०.१५ ला ताईंचा फोन आला: 'सर, मंगळवारपासूनचं काहीच दिसत नाहीये. फोल्डरच नाहीत.'

समस्या आणि पहिला तास

मी सर्वांत आधी रात्रीचा बॅकअप बंद केला आणि दोघींना स्कॅनिंग थांबवायला सांगितले. या प्रकरणात मी विचारपूर्वक केलेली ही पहिली कृती, आणि ती एक दिवस उशिरा झाली.

त्यानंतरचा पाऊण तास चुकीच्या दिशेने गेला. पहिली शंका कर्मचाऱ्यांनी दुसरीकडे सेव्ह केले असेल अशी होती. दोन्ही संगणक पाहून ती दूर झाली. दुसरी शंका अशी की फायली पुसल्या गेल्या, पण एखादी प्रक्रिया त्या उघड्या धरून बसली असेल. लिनक्समध्ये अशी फाइल नावाने दिसत नाही आणि जागा मात्र अडवून ठेवते. तसेही काही निघाले नाही. तिसरा विचार 'प्रत'वरून पुसलेले परत मिळवण्याचा आला. ईएक्सटी४मध्ये फाइल पुसताना तिचे तुकडे डिस्कवर कोठे आहेत याची इनोडमधली (फाइलच्या माहितीपत्रकातली) नोंद रिकामी होते. त्यामुळे हाती लागल्याच तर बिननावाच्या प्रतिमा लागल्या असत्या, आणि त्याच जागांवर पहाटे १.३ टीबी नवे लिहिले गेले होते. तो मार्ग सोडून दिला.

खरा धागा दुसऱ्याच कामासाठी दिलेल्या आज्ञेतून मिळाला. फाइल सिस्टिममध्ये किती जागा गेली हे सांगणाऱ्या 'डीएफ'ने एसएसडीवर सुमारे १४० जीबी वापरात असल्याचे दाखवले. एरवी तेथे ३८ जीबीच असत. मात्र एकेक डिरेक्टरी मोजत जाणारी 'डीयू' त्याच एसएसडीवर ३८ जीबीच मोजत होती. 'डीएफ' सरळ फाइल सिस्टिमला हिशेब विचारते, तर 'डीयू' मार्ग चालत जाते आणि माउंटखाली काय झाकले आहे ते तिला दिसत नाही. फरक सुमारे १०२ जीबीचा. २,२०० पाने गुणिले ४६ एमबी हा हिशेब मी कागदावर केला, आणि तेव्हा कोठे पाटाखालच्या रांगोळीची आठवण झाली.

विचारात घेतलेले पर्याय

झाकलेल्या डिरेक्टरीपर्यंत पोचण्याचे तीन मार्ग होते.

सरळ मार्ग म्हणजे सांबा थांबवायची, 'संग्रह' अनमाउंट करायचा, खालचे काढून घ्यायचे आणि पुन्हा माउंट करायचे. यात गैर काही नव्हते, पण ती डिस्क चुकांची खूण असलेली होती. अनमाउंट केल्यावर ती पुन्हा माउंट होईलच याची खात्री मला नव्हती आणि 'प्रत'वरील नक्कल पूर्ण व बरोबर आहे हेही तपासलेले नव्हते.

दुसरा मार्ग 'लेझी' अनमाउंटचा. डिस्क वापरात असल्यामुळे कर्नल नकार देत असेल तर अनेक जण हाच पर्याय देतात आणि आज्ञा लगेच यशस्वी होते. प्रत्यक्षात डिस्क केवळ नावांच्या झाडावरून तुटते. ज्या प्रक्रियांनी ती धरलेली असते त्या तिच्यावर लिहीत राहतात, आणि नव्याने येणाऱ्यांना खालची डिरेक्टरी मिळते. गुरुवारी जे अजाणता घडले तेच जाणूनबुजून उलट्या दिशेने घडवण्याचा हा प्रकार झाला असता. शिवाय फाइल सिस्टिम खरोखर कधी मिटली हे बाहेरून कळत नाही, त्यामुळे वायर केव्हा काढावी हेही कळत नाही. हा पर्याय मी वापरला नाही, आणि माझ्या मते विदा असलेल्या डिस्कसाठी तो जवळजवळ कधीच वापरू नये.

तिसरा मार्ग बाइंड माउंटचा. एसएसडीची मूळ फाइल सिस्टिम दुसऱ्या एका रिकाम्या डिरेक्टरीवर, समजा 'तळ' या नावाने, आणखी एकदा माउंट करायची. साध्या बाइंड माउंटमध्ये मूळ झाडावर टांगलेले इतर माउंट सोबत येत नाहीत. त्यामुळे 'तळ'मधून आत गेल्यावर 'संग्रह' ही जी डिरेक्टरी दिसते ती डिस्कखालची, म्हणजे झाकलेली. काहीही न थांबवता आणि काहीही न काढता खाली डोकावता येते. मी हाच मार्ग घेतला.

केलेली कार्यवाही

'तळ'मधून पाहिले तेव्हा तिन्ही तारखांचे फोल्डर आणि नवी नोंदवही जागेवर होती. गुरुवारच्या शेवटच्या प्रतिमेवर संध्याकाळी ५.२०ची वेळ होती. गुरुवारची पाने इतर कोठेही, कोणत्याही बॅकअपात कधीच पोचली नव्हती. त्यांची ही एकमेव प्रत होती.

म्हणून प्रथम ती सगळी रास नेटवर्कवरून ग्रंथपालांच्या संगणकावर उतरवली आणि दोन्हीकडच्या फायलींचे शा-२५६ ठसे (मजकुरावरून काढलेले ओळखीचे आकडे) जुळवून पाहिले. ते जुळेपर्यंत एसएसडीवरील मूळ फायलींना हात लावला नाही.

पुढचा प्रश्न त्या 'संग्रह'मध्ये मिसळण्याचा होता आणि येथे आणखी एक खड्डा होता. तारखांचे फोल्डर वेगळे असल्याने प्रतिमांची नावे एकमेकांवर येत नव्हती, पण नोंदवही एकाच नावाची दोन्हीकडे होती: डिस्कवर २८,००० ओळींची जुनी, आणि खाली २,२०० ओळींची नवी. नेहमीच्या सवयीने आरसिंक चालवली असती तर आकार व वेळ वेगळी दिसल्याने तिने जुनी नोंदवही नव्या नोंदवहीने झाकून टाकली असती. जुन्यापेक्षा नवे बरे, हा नियम येथे घातक होता. म्हणून आधी नुसती चाचणी चालवून दोन्हीकडे असलेल्या नावांची यादी काढली, नंतर आधीच असलेल्या फायलींना न शिवण्याचा पर्याय देऊन प्रतिमा आणल्या, आणि नोंदवह्या ताईंनी स्वतः बसून एकत्र केल्या. त्यांना तीन तास लागले.

डिस्कची तपासणी त्याच रात्री करायचा माझा बेत होता. ग्रंथपालांनी विचारले की ही डिस्क तपासताना बिघडली तर 'प्रत'वर सगळे आहे याची खात्री आहे का. नव्हती. म्हणून शुक्रवारची रात्र 'संग्रह' आणि 'प्रत' यांतील प्रत्येक फाइलचा मजकूर पडताळण्यात घालवली आणि शनिवारी सांबा थांबवून, डिस्क रीतसर अनमाउंट करून, आधी काहीही न बदलणारी तपासणी व मग खरी दुरुस्ती केली. ४ फायली नावे हरवून 'लॉस्ट अँड फाउंड' डिरेक्टरीत आल्या. उघडून पाहिल्यावर त्या कोणत्या दप्तराच्या हे कळले. याशिवाय सोमवारच्या फोल्डरमध्ये ३ प्रतिमा शून्य बाइटच्या निघाल्या. लाइट जाण्याच्या आधीच्या काही सेकंदांत स्कॅन झालेली ती पाने होती: नाव पोचले, मजकूर पोचला नाही. सुदैवाने ते दप्तर अजून टेबलावरच होते.

परिणाम

एकही पान कायमचे गेले नाही. दीड दिवसाचे स्कॅनिंग बुडाले आणि ३ पाने पुन्हा स्कॅन करावी लागली. एवढेच सांगितले तर हे प्रकरण किरकोळ वाटेल. पण मंगळवारी पहाटे २ पासून शुक्रवारी पहाटेपर्यंत, म्हणजे तीन दिवस-रात्री, चार वर्षांच्या कामाची एकमेव प्रत चुकांची खूण असलेल्या, गुरुवार सकाळपर्यंत माउंटही न झालेल्या एकाच डिस्कवर होती, आणि हे जगात कोणालाही माहीत नव्हते. विजेच्या त्या झटक्यात ती डिस्क जळाली असती तर बॅकअप चालू असूनही हाती काही उरले नसते. बॅकअप यशस्वी झाल्याची नोंद त्या प्रत्येक रात्री लॉगमध्ये आहे.

निर्णयाच्या जागा: काय वेगळे करता आले असते

सर्वांत महागडी चूक मी गुरुवारी केली असे मला वाटते. सोमवारची रात्र व्यवस्थेतल्या त्रुटीने घडली. गुरुवारी मात्र मी स्वतः आज्ञा देत होतो. माउंट करण्याआधी त्या डिरेक्टरीत काय आहे हे पाहण्याची एक आज्ञा दिली असती तर तीन तारखांचे फोल्डर समोर आले असते. डिस्क का माउंट झाली नाही हे लॉगमध्ये पाहिले असते तर १९ दिवसांचा इशाराही दिसला असता. आणि तीन दिवस डिस्क नव्हती तर बॅकअपने त्या रात्रींत काय केले, हा प्रश्न तर आपोआप सुचायला हवा होता. समोरचा माणूस खोळंबला आहे, या भावनेने मी बिघाडाऐवजी तक्रार दूर केली. ग्रंथपाल १० मिनिटे थांबायला तयार होत्या. मी विचारलेच नाही.

ताईंचा जुने हलवले असल्याचा समज मला चूक म्हणता येत नाही. त्यांना शेअर म्हणजे काय आणि डिस्क म्हणजे काय हे कोणी सांगितलेले नव्हते, आणि आधी दोनदा मी खरोखरच फोल्डर न कळवता हलवले होते. नोंदवही गायब असणे हा त्या आठवड्यातला सर्वांत स्पष्ट इशारा होता. तो ज्यांना दिसला त्यांना तेव्हा माझा नंबर माहीत नव्हता.

'नोफेल' काढून टाकावे का, यावर बराच खल झाला. ते नसते तर सोमवारी रात्री सर्व्हर अडून बसला असता, मंगळवारी सकाळी फोन आला असता आणि काहीच पुसले गेले नसते, हे खरे. पण मला गावी जावे लागले असते, कारण त्या अवस्थेत दुरून आत शिरता येत नाही. शेवटी 'नोफेल' ठेवले आणि अडण्याची जागा बदलली: संगणक सुरू व्हावा, पण सांबा आणि बॅकअप यांनी 'संग्रह' माउंट झाल्याशिवाय सुरूच होऊ नये, अशी अट सिस्टमडीत घातली. डिस्क नसेल तर कर्मचाऱ्यांना शेअर उघडत नाही आणि मला दुरून आत शिरता येते.

माउंट पॉइंट म्हणून वापरायच्या रिकाम्या डिरेक्टरीवर आता 'अपरिवर्तनीय' ही खूण आहे. ती असताना रूटलाही तेथे फाइल करता येत नाही, माउंट मात्र करता येते. ही खूण डिस्क माउंट असताना घालू नये, नाहीतर ती खालच्या डिरेक्टरीऐवजी डिस्कच्या मूळ डिरेक्टरीवर पडते. आम्ही ती 'तळ'मधून घातली.

बॅकअपची आज्ञा आता आधी दोन्ही जागा खरोखर माउंट आहेत का हे विचारते, नंतर 'संग्रह'च्या मुळाशी ठेवलेली एक ओळखीची फाइल वाचते, आणि २०० हून अधिक फायली पुसायची वेळ आली तर तेवढ्यावर थांबून चूक कळवते. यांपैकी कोणतीही एक अट सोमवारी पुरेशी झाली असती. हुबेहूब नक्कल हीच मुळात बॅकअपची चुकीची कल्पना होती, असे माझे मत आता झाले आहे. त्यामुळे 'प्रत'वर आता तारीखवार प्रती राहतात. न बदललेल्या फायलींना हार्ड लिंक (त्याच मजकुराला आणखी एक नाव) दिल्याने प्रत्येक प्रतीला फक्त नव्या प्रतिमांपुरतीच जागा लागते. फोल्डरांची नावे बदलली की मात्र ती बचत होत नाही आणि मूळ अडचण थोडीशी परत येते. तेव्हा नावे बदलण्यापूर्वी कळवण्याचे ठरले आहे. यूपीएसची बॅटरी बदलली, आणि बॅटरी उतरू लागली की सर्व्हर स्वतः रीतसर बंद होईल अशी जोडणी केली.

जुलैमधल्या एका शनिवारी आम्ही मुद्दाम डिस्कची वायर काढून सर्व्हर सुरू केला. शेअर उघडला नाही. विंडोजने दाखवलेला संदेश ताईंनी कार्यालयाच्या रजिस्टरात जसाच्या तसा उतरवून घेतला आणि त्यापुढे माझा नंबर लिहिला. एक फट त्या चाचणीनंतरही राहिली: सर्व्हर चालू असताना कोणी 'संग्रह' हाताने अनमाउंट केला तर सिस्टमडीची ती अट सांबाला थांबवत नाही, ती फक्त सुरू होण्याच्या वेळी उपयोगी पडते. सध्या तेथे 'अपरिवर्तनीय' खूणच आड येते आणि लिहिणाऱ्याला नकार मिळतो. त्याहून कडक, डिस्क जाताच सेवा थांबवणारी अट पर्याय म्हणून आहे, पण ती आम्ही अजून घातलेली नाही.